विकेंडीचा बर्फ, पेडगावची पांदण

मनमाडहून परभणीकडे येणाऱ्या लोहमार्गावर मानवत रोड सोडल्यानंतर आणि परभणी येण्याआधी पेडगाव लागते. भोवती काळे रान. पावसाळ्यात सोयाबीन, कापूस, तूर. पुढे हरभरा, ज्वारी. आणि उन्हाळ्यात भेगाळलेली मोकळी जमीन, तिच्यावर चाळिशी ओलांडलेला पारा. थंडी या मुलखाला नवी नाही. परभणीचा पारा हिवाळ्यात काही वेळा पाच अंशांच्याही खाली उतरतो. बर्फ मात्र पडत नाही. इथली जमीन पांढरी होते ती गारपिटीने, आणि तो पांढरा रंग पाहून कुणाला आनंद होत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात उभ्या पिकांवर गारांचा थर साचला, तेव्हा घरात यायच्या बेतातला गहू-हरभरा जागेवर आडवा झाला. अशा जिल्ह्यातली मुले डिसेंबर २०१८ पासून बर्फावर गाडी पळवू लागली. पारावर, एसटीच्या थांब्यावर, घराच्या ओसरीत बसून, हातातल्या मोबाइलवर. आपण त्याला वेळेची नासाडी म्हटले आणि विषय संपवला. माझ्या मते तिथे आपल्या नजरेतून एक गोष्ट निसटली. आभासी वाहन चालवणे म्हणजे त्या वाहनाखालची जमीन ओळखणे. आपल्या मुलांनी परक्या जमिनी ओळखायला शिकून घेतल्या. त्यांच्या स्वतःच्या जमिनीला त्या जगात अजून जागा नाही. ती मिळवून देता येईल, आणि ते काम परभणीत होऊ शकते.

आधी त्या बर्फाविषयी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट खेड्यातल्या खिशाला परवडू लागले. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल हा खेळ आला आणि पाहता पाहता गावोगाव पोहोचला. मुळात तो दक्षिण कोरियातला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक जण किंवा एक गट उरतो. त्या वर्षीच्या डिसेंबरात या खेळात विकेंडी नावाचे नवे बेट आले. एड्रियाटिक समुद्रात कल्पिलेले, सहा किलोमीटर लांब, सहा किलोमीटर रुंद आणि बर्फाने झाकलेले. त्यावर फिरायला स्नोमोबाइल होती. बर्फावर ती सुसाट पळे. बर्फ संपून कडक जमीन लागली की अडखळे, जड होई. साध्या मोटारीचे नेमके उलटे. मोटार बर्फावर घसरत जाई, ब्रेक दाबूनही थांबत नसे, वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाई. चालवणाऱ्याला हे कुणी समजावून सांगत नव्हते. दोन-चार वेळा दरीत गेल्यावर अंगठाच शिकत होता : ब्रेक आधी दाबायचा, हँडल हळू फिरवायचे, उताराला वेग धरायचा नाही. शिवाय बर्फावर पावलांचे आणि चाकांचे ठसे उमटत. ते पाहून कोण कुठून कुठे गेले याचा माग काढता येई. ज्या मुलाने आयुष्यात बर्फ पाहिला नाही, त्याला बर्फाचा स्वभाव कळू लागला होता. या खेळात बंदुका आहेत, हे मान्य. पण या लेखाचा विषय ती गाडी आणि तिच्याखालची जमीन आहे.

खरी स्नोमोबाइल कशी जन्मली, ते मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे छोटे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मांड बोंबार्दिए हा मेकॅनिक राहत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातल्या संसर्गाने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखान्यापर्यंत पोहोचायला साधन नव्हते, आणि मूल गेले. बर्फावर चालेल अशा गाडीच्या खटपटीला तो आधीपासूनच लागलेला होता; १९३७ मध्ये त्याची सात जणांना बसता येईल अशी गाडी तयार झाली. १९५९ मध्ये त्याने स्की-डू ही हलकी, मोटारसायकलीसारखी बसून चालवायची गाडी आणली, आणि आज आपण जिला स्नोमोबाइल म्हणतो तिचे रूप ठरले. पुढे बर्फावरून सरकणाऱ्या दोन पट्ट्या, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा. त्या पट्ट्यावर वजन इतके पसरते की जमिनीवरचा दाब माणसाच्या पावलाच्या दाबापेक्षाही कमी राहतो. माणूस रुततो तिथे गाडी वरून निघून जाते. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात त्यामागेही हाच विचार आहे. बर्फाने अडवलेला रस्ता आणि पावसाने अडवलेली पांदण यांत आजाऱ्याला घेऊन निघालेल्या घराच्या दृष्टीने फरक तो कोणता? फरक पडला तो एवढाच की क्यूबेकच्या बर्फावर कुणीतरी आयुष्य खर्ची घातले. आज तशा गाड्या अंटार्क्टिकात भारतीयही वापरतात. तिथल्या मैत्री आणि भारती या केंद्रांचा कारभार गोव्यात वास्कोजवळच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतो, आणि भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती.

आता हीच गाडी संगणकात कशी उतरते ते पाहू. यासाठी सेकंड लाइफ हे ऑनलाइन जग उपयोगी आहे, कारण तिथे आतली यंत्रणा सर्वांसाठी उघडी आहे. अमेरिकेतल्या लिंडन लॅब या कंपनीने ते २००३ मध्ये सुरू केले. त्यात जिंकणे-हरणे नाही. लोक आपापली घरे, कपडे, गाड्या स्वतः बनवतात, विकतात, चालवतात. त्या जगातल्या बर्फाळ प्रदेशांत ज्या स्नोमोबाइल फिरतात, त्याही तिथल्या रहिवाशांनीच केलेल्या. गाडी करायची तर आकार घडवायचा आणि मग तिच्या वागण्याचा कार्यक्रम लिहायचा. या कार्यक्रमाच्या भाषेत वाहनांचे पाच तयार प्रकार दिले आहेत : घसरगाडी, मोटार, होडी, विमान आणि फुगा. घसरगाडीचे मूळ आकडे पाहिले तर त्यात एक निरीक्षण दडलेले दिसते. घर्षण तिथे सेकंदांत सांगतात : सोडून दिलेल्या गाडीचा वेग त्या दिशेने किती काळात ओसरत जावा. पुढच्या दिशेला ३०, आडव्या दिशेला १, वरखाली १०००. म्हणजे गाडी पुढे बराच वेळ सरकत राहील, आडवी मात्र लगेच अडेल. बर्फात घसरगाडीने पाडलेल्या खाचेत हेच होते, आणि तेच तीन आकड्यांत पकडले आहे. बनवणारा हे आकडे बदलतो, चालवून पाहतो, पुन्हा बदलतो. गाडी वळणावर किती कलावी, नाक सरळ दिशेकडे किती लवकर यावे, इंजिनाचा जोर किती सेकंदांत भरावा, हे सगळे असेच ठरते. त्या जगाची जमीन चौकोनी तुकड्यांत वाटलेली आहे. एक तुकडा २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात सुमारे सोळा एकर. प्रत्येक तुकडा वेगळा सांभाळला जातो, त्यामुळे गाडी बांध ओलांडते तेव्हा तिचा ताबा एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो आणि चालवणाऱ्याला गचका बसतो. जुने चालक बांध जवळ आला की वेग कमी करतात. जमीन कागदावर एकसंध दिसते, पण चालवताना तिचे बांध हाताला कळतात.

इथून माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. ते ३०, १ आणि १००० हे आकडे बर्फावर घसरणारी गाडी ज्याच्या डोळ्यासमोर होती, त्याला सुचले. आभासी जगातली प्रत्येक जमीन अशीच कुणाच्या तरी ओळखीतून आलेली असते. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा चिखलाचा आहे. बहुतेक संगणकी खेळांत वर्षानुवर्षे चिखल म्हणजे तपकिरी रंगाचा रस्ता होता. गाडी थोडी हळू व्हायची, बस. २०१४ मध्ये स्पिनटायर्स हा खेळ आला आणि त्यात चाक खरोखर रुतू लागले. चाकाने माती बाजूला सारली, चाकोरी खोल झाली, मागून येणारा ट्रक त्याच चाकोरीत अडकला. हा चिखल लिहिणारा प्रोग्रामर रशियन होता, आणि रशियात बर्फ वितळताना व शरदाच्या पावसात रस्ते चिखलात बुडण्याच्या काळाला स्वतंत्र शब्द आहे, रासपुतित्सा. ज्या देशाने चिखलाला ऋतूचे नाव दिले, त्या देशातल्या माणसाने खेळातला चिखल खरा केला. पुढे त्यातूनच मडरनर आणि २०२० चा स्नोरनर हे खेळ आले आणि जगभर खेळले गेले. शेतीच्या फार्मिंग सिम्युलेटर या खेळाचेही तसेच. २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या कंपनीने तो सुरू केला. बरीच वर्षे त्यात युरोप-अमेरिकेचे गहू, मका, बार्ली आणि अजस्र कापणीयंत्रे होती. २०२४ च्या आवृत्तीत पूर्व आशियाचा नकाशा आला तेव्हा भातखाचरे आली, म्हशी आल्या. तंत्र आधीही होते. त्या जमिनीकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते.

आपल्याकडचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा २०१७ चा खेळ भारतात फार चालला, कारण त्यात खेळणाऱ्याला बसचा रंग आणि बस दोन्ही बदलता येतात. केरळातल्या मुलांनी आपल्या पर्यटन बस त्यात उतरवल्या, महाराष्ट्रातल्या मुलांनी लालपरी. एसटीचा लाल रंग, बोधचिन्ह, पुढची पाटी, सगळे जिवापाड प्रेमाने केलेले. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून एसटीशी जडलेले नाते त्या कामात दिसते आणि त्याचे कौतुकच करायला हवे. पण गाडी महाराष्ट्राची असली तरी खेळातला मूळ रस्ता जावाचा आहे. घाट, झाडे, पाट्या, चौक तिथलेच. इंडोनेशियातही वाहतूक डावीकडून चालते, म्हणून ते पटकन खटकत नाही. आपण गाडीला आपला रंग दिला आणि ती दुसऱ्याच्या जमिनीवर चालवली. रंग देणे चार संध्याकाळींचे काम आहे, जमीन लिहायला जमीन माहीत असावी लागते.

आणि आपली जमीन लिहायला सोपी नाही, यातच तिचे मोल आहे. बर्फावर गाडी घसरते किंवा रुतते. काळी माती दिवसागणिक स्वभाव बदलते. तिच्यातली चिकण खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात त्यामुळेच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली उतरते, मग भेगा मिटतात आणि पाणी वर थांबू लागते. ओल्या मातीत चाक फिरले की माती चाकालाच चढते, चाक जाड होत जाते, बैल थांबतात. दोन उन्हे खाल्ली की तीच माती वाफशावर येते. वाफसा या शब्दाला पेडगावच्या शेतकऱ्याच्या लेखी जी नेमकी किंमत आहे, ती प्रयोगशाळेतल्या मोजमापापेक्षा कमी नाही : मूठभर माती दाबायची, गोळा होतो का बघायचे, खाली टाकायचा, फुटतो का बघायचे. फुटला तर औत जुंपायचे. एक दिवस आधी जुंपले तर ढेकळे, दोन दिवस उशीर केला तर जमीन घट्ट. चाकोरी हा शब्दही याच मातीतला आहे. बैलगाडीच्या लोखंडी धावेने ओल्या पांदणीत पाडलेली आणि उन्हात दगडासारखी झालेली ती रेघ, जिच्यातून पुढची गाडी बाहेर निघू शकत नाही. रोजच्या ठरीव जगण्याला आपण हा शब्द लावतो तेव्हा त्यामागे काळ्या मातीचे भौतिकशास्त्र असते. हे सगळे आकड्यांत मांडता येईल : पाऊस होऊन किती दिवस झाले, ऊन किती, उतार किती, चाकाची रुंदी किती, ओझे किती, आणि त्यावरून गाडी किती रुतेल. घसरगाडीच्या तीन आकड्यांपेक्षा हे कोडे कितीतरी समृद्ध आहे.

ते सोडवायला लागणारे ज्ञान पेडगावच्या शेजारीच आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. तिथे मृदाशास्त्राचा अभ्यास होतो, कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, आणि पशुशक्तीच्या योग्य वापराचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्पही त्याच आवारात चालतो. बैलाची ओढ, औताला लागणारा जोर, बैलचलित अवजारांची कामगिरी ही त्या प्रकल्पाच्या अभ्यासाची क्षेत्रे. बैलजोडी दिवसभर टिकून जो जोर लावू शकते तो तिच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो, हे पशुशक्तीच्या अभ्यासातले नेहमीचे प्रमाण आहे. आभासी बैलगाडीला इंजिन म्हणून नेमका असाच आकडा लागतो.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप व्यसनाचा येईल, आणि तो हलका नाही. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या हिंगोलीत, १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या जिल्ह्यात, रुळांजवळ पबजीत गुंग झालेले दोन तरुण रेल्वेखाली गेल्याची बातमी आली होती. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने मंजूर केलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर ओढीची विकार म्हणून नोंद झाली. ज्या घरात मूल रात्र रात्र जागते, त्या घराचा त्रास खरा आहे; त्या मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे. पण सरसकट बंदीने काय साधले तेही पाहावे. २ सप्टेंबर २०२० ला पबजीसह ११८ अ‍ॅप्सवर केंद्राने बंदी घातली, ती सुरक्षेच्या कारणाने. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परत आला. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. ही फोड योग्य आहे. घरात आणि शाळेत मात्र आपण अशी फोड करत नाही. वेड पांघरून पेडगावला जाणे ही म्हण सांगितली जाते ती भीमाकाठच्या, श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावची; पण मुले कोणत्या जगात फिरतात हे ठाऊक असून ठाऊक नसल्यासारखे करण्यात सगळी गावे सारखी आहेत. खेळणाऱ्या मुलाला ओढ लावणारी गोष्ट कोणती, वेग, सवंगडी, की ती गाडी काबूत आणण्याचे कसब, एवढे विचारले तरी बनवण्याकडे वळू शकणारे मूल कोणते हे कळू शकते.

दुसरा आक्षेप असा की पडद्यावर गाडी चालवून खरी गाडी येत नाही. येत नाहीच. अंगठ्याला थंडी लागत नाही, उलटल्यावर हाड मोडत नाही. तरीही भारतीय रेल्वे आपल्या लोको पायलटना सिम्युलेटरवर बसवते, वैमानिकांना तर त्यावर तासन्‌तास घालवावे लागतात, कारण यंत्र आणि वाट यांचे नाते तिथे सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा तपासता येते. आभासी पांदण चालवून कुणी गाडीवान होणार नाही. पण कोणत्या वळणावर पाणी साचते, कुठे मुरूम टाकला तर ओझ्याची गाडी निघेल, गावाचे पाणी कोणत्या उताराने जाते, हे गावकऱ्यांना पडद्यावर एकत्र पाहता आले तर शेतरस्त्यांच्या कामात त्याचा उपयोग होईल. मातोश्री पाणंद रस्ते योजनेखाली राज्यात असे रस्ते केले गेले आहेत. कोणता तुकडा आधी करायचा, याच्या चर्चेला चालवून पाहता येणारा नकाशा मिळाला तर तो कागदी नकाशापेक्षा अधिक लोकांना कळेल.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा : जायकवाडीच्या कालव्याला पाणी कधी सुटेल याची वाट पाहणाऱ्या, सोयाबीनच्या भावाने गांजलेल्या जिल्ह्यात हे सुचतेच कसे? मला वाटते, सुचले पाहिजे ते इथेच. बोंबार्दिएचे गाव श्रीमंत नव्हते. अडलेला रस्ता हेच त्याचे भांडवल होते. शिवाय खर्च आपण समजतो तितका नाही. सेकंड लाइफचे खाते फुकट आहे. खेळ बनवायला लागणारी काही साधने, गोडो किंवा ब्लेंडरसारखी, पूर्ण मोफत आणि खुली आहेत. चालेल असा एक संगणक, मातीचा शास्त्रोक्त तपशील आणि पांदणीतून गाडी काढलेला माणूस हाताशी असेल तर सुरुवात होते. यांतला शेवटचा पेडगावच्या प्रत्येक वाड्या-वस्तीवर आहे, आणि तो म्हातारा होत चालला आहे. बैल कमी होत आहेत, लाकडी चाके अंगणात टेकवून ठेवलेली दिसतात. वाफशाची ती मूठ आणि चाकोरीतून गाडी काढायची ती युक्ती पुस्तकात उतरवता येते, पण हाताला कळेल अशी जपायची तर चालवता येणाऱ्या रूपात जपावी लागेल.

परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्राच्या, कृषी अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी आणि जिल्ह्यातल्या संगणक शिकणाऱ्या मुलांनी एका पावसाळ्यापुरते एकत्र बसावे, ही विनंती आहे. पेडगावच्या शिवारातली एक पांदण निवडावी, जून ते ऑक्टोबर तिची ओल, भेगा, चाकोरीची खोली मोजावी, आणि त्या आकड्यांवर एक बैलगाडी चालवून दाखवावी. सेकंड लाइफच्या वाहनांच्या यादीत घसरगाडी, मोटार, होडी, विमान आणि फुगा आहे, बैलगाडी नाही.